परत येण्याचं कारण

फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बस स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे, लोक त्याला सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आधारचा पत्ता, पोरांची स्कॉलरशिप, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं चालतं. चौदा वर्षं झाली, गावातल्या माणसांना रकान्यांत बसवून देते आहे. कुणाचा रकाना कुठे अडला ते चेहऱ्यावरून कळतं. बाई थांबते, पदर सारखा करते, मग हळूच म्हणते, "तुमीच लिवा ना ताई, काय लिवाचं ते."

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि केंद्रासमोर पहाटे सहापासून रांग लागायला लागली. अर्जात वैवाहिक स्थिती विचारत होते. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातली एक अविवाहित. रेखाचाही अर्ज मीच भरला. परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली, असं मी तिला समजावून सांगितलं, तर ती रांगेतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यानं नाई टाकलं वं मले. म्या टाकलं त्याले." पण तसा रकाना नव्हता. परित्यक्तावर टिक केली.

त्याच आठवड्यात, रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून, त्याच कॉम्प्युटरवर मी माझा फॉर्म भरत होते. ग्रीसच्या व्हिसाचा.

रेखा आणि मी अकरा वर्षांपासून एका घरात राहतो. घर तिचं, तिच्या वडिलांनी जाता जाता तिच्या नावावर केलेलं, सोबत तीन एकर कोरडवाहू. ती शेती करते, मी सेतू चालवते. गावात आम्हाला 'त्या दोघी' म्हणतात. ते कुणी वाईट बोलून म्हणत नाही, कुणी चांगलं बोलूनही म्हणत नाही. हळदीकुंकवाला एकीला बोलावणं आलं की दुसरीला आलंच. त्याच्या पलीकडे कुणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही.

लेस्बियन हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो १९९८ च्या डिसेंबरात. मी अठरा वर्षांची होते, वर्ध्याला होस्टेलवर राहायची. दोन जावांच्या प्रेमावरच्या सिनेमावरून मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली होती. त्यानंतर दिल्लीत काही बाया रस्त्यावर उभ्या राहिल्या, आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियन आहोत असा फलक हातात घेऊन. ती बातमी मी मेसच्या टेबलावर वाचली आणि पेपर घडी करून जागेवर ठेवून दिला. कापून घ्यायची हिंमत झाली नाही. रेखाची हिंमत माझ्यापेक्षा जास्त. २०२१ च्या डिसेंबरअखेर नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी घरच्यांच्या समोर एकमेकींना अंगठ्या घातल्या, तेव्हा तिने तो फोटो पेपरातून कापला आणि कपाटाच्या आतल्या बाजूला, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला. तो अजून तिथेच आहे. पण हा शब्द गावात, मोठ्यानं, आमच्यापैकी कुणीच कधी उच्चारला नव्हता. घरातसुद्धा नाही.

ज्या बेटावरून तो शब्द आला, तिथे मला जायचं होतं.

लेस्बॉस हे ग्रीसचं बेट, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तिथल्या एरेसॉसला सॅफो नावाची कवयित्री जन्मली असं मानतात, आणि तिने बायांवरच्या प्रेमाची गाणी रचली. एरेसॉसच्या समुद्रकाठच्या गावात २००० सालापासून दर सप्टेंबरात जगभरच्या लेस्बियन बाया जमतात. गाणी होतात, सिनेमे होतात, चर्चा होतात, पोहणं होतं, डोंगरात फिरणं होतं. नागपूरच्या प्राइडमध्ये, म्हणजे आमच्यासारख्यांच्या मिरवणुकीत, भेटलेली माझी एक मैत्रीण आता युरोपात असते. तिला मी कधीतरी आजीच्या ओव्यांबद्दल बोलले होते. तिने ते लक्षात ठेवलं, आणि एक दिवस फोन केला, "तिकीट मी काढते. तू आजीच्या ओव्या घेऊन ये."

पासपोर्ट सोपा गेला. ऑनलाइन अर्ज माझ्या हातचा मळ, पंधराशे रुपये फी, कागद तपासणी, सगळं एका दिवसात. पोलीस पडताळणीला मात्र शिपाई घरी आले. वयस्कर गृहस्थ होते, ओसरीवर बसले, पाणी प्याले. "दोघीच राहता का?"

"हो."

"ह्या कोण तुमच्या?"

रेखा आतून चहा घेऊन येत होती. मी उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, "जोडीदारीन." त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, मैत्रीण. आमच्याकडे शेतात सोबत निंदायला जाणारी, सोबत वेचणारी, बाजाराला सोबत जाणारी बाई म्हणजे जोडीदारीण. त्यांनी बरोबरच ऐकलं आणि बरोबरच लिहिलं. पण त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना काय म्हणायचं हे कधी ठरवलं नव्हतं, आणि रेखाने तो शब्द किती सहज, चहाच्या कपासोबत, पोलिसाच्या हातात दिला होता.

ओव्या मायकडून घेतल्या. माय माझ्या भावाकडे असते, गावातच, तिसऱ्या गल्लीत. एप्रिल-मेच्या रात्री अंगणात बाजेवर बसून तिने त्या सांगितल्या, मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. तिला नुसत्या बोलून आठवत नव्हत्या. मग तिने उजवा हात हवेत गोल फिरवायला सुरुवात केली, जणू समोर जातं आहे, आणि मग एकामागून एक यायला लागल्या. भावाच्या ओव्या, पंढरीच्या ओव्या, सासूच्या कागाळ्या. आणि मधेच ही:

जात्याच्या खुट्याले, माहा हात तिचा हात
सरलं वं दयन, सरली नाही रात

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "माय, ही कोणाची?"

"तुह्या आजीचीच. चंद्रभागाबाई होती तिची जोडीदारीन. पहाटे दोघी संगं दयत. एक खुटा, चार हात." माय थोडा वेळ गप्प बसली. मग आपल्या डाव्या हाताच्या मनगटावर बोट ठेवून म्हणाली, "इथं दोघीनं एकाच दिवशी तुयस गोंदली होती. एकाच गोंदणारनीकून. तुले आठवत नसन."

मला आठवत होती. आजीच्या सुरकुतलेल्या हातावरचं ते हिरवट तुळशीवृंदावन, पाच ठिपक्यांचं, एक ठिपका पुसट झालेला. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायची. आजी आणि चंद्रभागाबाई एकमेकींच्या कोण होत्या हे मला माहीत नाही आणि मी ते ठरवणारही नाही. आजीला सहा मुलं झाली, आजोबांचं सगळं तिने केलं. पण रात्र सरू नये असं तिला जात्यावर बसून कुणाच्या तरी शेजारी वाटलं होतं, एवढं त्या दोन ओळींत आहे.

माय उठता उठता म्हणाली, "घेऊन जा ते ओवी. तिथल्या बायाईले सांग." काय घेऊन जाते आहे आणि कुठे, हे मी तिला नीट सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही.

तर व्हिसा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, फॉर्म मी तीन वेळा डाउनलोड केला. दुसऱ्यांचे फॉर्म भरताना मी चुकत नाही, स्वतःचा भरताना हात थांबत होता. विमानाचं बुकिंग, राहण्याचं बुकिंग, निदान तीस हजार युरोंचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांची रिटर्न, मैत्रिणीचं खर्च उचलण्याचं पत्र. नव्वद युरो फी, शिवाय व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. हे सगळं जमलं. अडलं ते एका गोष्टीवर. तुम्ही परत याल याचा पुरावा द्या.

ज्यांनी व्हिसा काढला असेल त्यांना हे ठाऊक असेल. गोऱ्या देशांना भीती असते की आपण तिथेच राहून जाऊ. म्हणून ते विचारतात, तुमच्या गावात तुम्हाला ओढून आणणारं काय आहे? नवरा आहे का, मुलं आहेत का, नोकरी, घर, जमीन?

नवरा नाही. मुलं नाहीत. नोकरी नाही, दुकान आहे, तेही भाड्याच्या गाळ्यात. घर आहे, नमुना आठ रेखाच्या नावावर. जमीन आहे, सातबारा रेखाच्या नावावर. आणि रेखा कागदावर माझी कोण? कुणीच नाही. तीन एकरांतला एकही तास मी निंदला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण वकिलातीतल्या माणसासाठी तो कुण्या परक्या बाईचा सातबारा होता.

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात सात पर्याय होते. सिंगल, मॅरीड, रजिस्टर्ड पार्टनरशिप, सेपरेटेड, डिव्होर्स्ड, विडो आणि अदर. तिसऱ्या पर्यायावर माझे डोळे पुन्हा पुन्हा जात होते. आमच्यासारख्यांसाठी तिथे चौकोन होता, छापील, इतर चौकोनांच्या बरोबरीचा. ग्रीसने त्याच वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, दोन बाया किंवा दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याने मान्यता दिली होती. आमच्या बाजूला मात्र त्या चौकोनात टिक करायला लागणारा कागद देणारं ऑफिसच नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला तेव्हा आम्ही वावरात होतो, निंदण सुरू होतं, रेखाने मोबाइलवर बातमी लावली आणि दोघी धुऱ्यावर बसून ऐकली. आता आपण गुन्हेगार नाही एवढं कळलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा निकाल लागला, तेव्हा मी दुकानात होते. पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. नोंदणीकृत सोबतीच्या बाजूने दोघं होते, विरोधात तिघं. समोर एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा देत होते. मी त्यांचा अंगठा पुसला, पुन्हा मशीनवर ठेवला.

त्या तीन विरुद्ध दोनचा अर्थ मला पुरता कळला तो या फॉर्मसमोर. निकाल दिल्लीत लागतो, बातमी होते, विसरली जाते. आणि मग एका रात्री अर्ध्या शटरच्या आड तो तुमच्या एका चौकोनावर येऊन बसतो.

सोबत जोडायच्या पत्रावरून मैत्रिणीशी वाद झाला. ती म्हणाली, "दुकान लिही, आई लिही, भाऊ लिही. रेखाचं लिहू नकोस. तुझे कागद वर्ध्यात नोटरीकडे जातील, मुंबईत चार हातांतून जातील. आणि त्यांना वाटलं तर ते म्हणतील, ही तिकडे राहूनच जाईल." तिचं चुकीचं नव्हतं. मी स्वतः रोज लोकांना हेच सांगते, जेवढं विचारलं तेवढंच लिहायचं, जास्तीचं लिहिलं की फॉर्म परत येतो.

दोन रात्री मी पत्राचे मसुदे लिहिले. पहिल्यात दुकान होतं. दुसऱ्यात माय होती, तिची शुगर होती, तिचं वय होतं. दोन्ही खरे होते आणि दोन्ही वाचून मला लाज वाटत होती. लेस्बियन बायांच्या मेळ्याला जायचं आणि तिथे जाण्यासाठी रेखाला घरात लपवून जायचं, हे मला जमेना.

तिसऱ्या रात्री रेखा दुकानात आली. डबा घेऊन आली होती, भाकर आणि अंबाडीची भाजी. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काय अडलं वं?"

"लिहायचं आहे, मी परत काहून येईन."

ती पायरीवर बसली. तिला हा प्रश्न मुळी समजलाच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दसऱ्यानंतर कापूस फुटते. सीतादईले कोन बसन मंग माह्या संगं?"

कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाखाली पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग पहिलं बोंड वेचतात. हे बायांचं काम. अकरा वर्षं ते आम्ही दोघींनी केलं आहे.

मी पत्रात तेच लिहिलं, इंग्रजीत, माझ्या साध्या इंग्रजीत. माझी जोडीदारीण आणि मी अकरा वर्षांपासून एकत्र राहतो. आमच्या देशात आमच्या नात्याची नोंद होत नाही, म्हणून तिचा कागद मी देऊ शकत नाही. तिच्या नावावर तीन एकर कापूस आणि तूर आहे, ती आम्ही दोघी कसतो. ऑक्टोबरात वेचणी सुरू होते आणि ती माझ्याशिवाय सुरू होत नाही. सोबत आमच्या जॉइंट खात्याचं पासबुक जोडत आहे.

ते पासबुक हा आमच्या दोघींची नावं एकाखाली एक छापलेला एकुलता एक कागद. कापसाचे पैसे त्यात येतात. मी पहिल्या पानाची झेरॉक्स काढली, तेव्हा ती दोन नावं काचेखालच्या हिरव्या उजेडातून सरकताना बघितली. हजारो झेरॉक्स काढल्या असतील त्या मशीनवर. ती एक लक्षात राहिली.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठली. सेंटरमध्ये एसीचा गारवा, टोकन, खुर्च्या. काउंटरवरची मुलगी भराभर कागद लावत होती. माझा फॉर्म बघून थांबली. "मॅडम, मॅरिटल स्टेटस रिकामं आहे."

मी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. काय करावं हे तिथपर्यंत ठरलं नव्हतं. अदरपुढे लिहायला जागा होती, पण चौदा वर्षांचा अनुभव सांगत होता की कायद्यात नसलेलं रकान्यात लिहिलं की अर्ज खोटा ठरतो. मी पेन घेतलं आणि सिंगलवर टिक केली. हात कापला नाही. पण पेन परत देताना त्या मुलीच्या काउंटरवर मी पत्राचं पान वर काढून ठेवलं, सगळ्यात वर. तिने ते वाचलं की नाही माहीत नाही.

मग बोटांचे ठसे. इथे अर्धा तास गेला. माझी बोटं उठेनात. आमच्याकडे हे रोजचं आहे, रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून बाया परत जातात. कापूस वेचून, निंदून, राखेने भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. कापसाच्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला सतत टोचतात, तिथली कातडी जाड होते, तडकते. मी दुकानात जे इतरांना सांगते तेच केलं, हात धुतले, ओल्या रुमालाने पुसले, बोटं कपाळावर फिरवली, म्हणजे थोडं तेल लागतं. चौथ्यांदा डावा हात उठला, पाचव्यांदा उजवा. काचेवरची माझी दहा बोटं पडद्यावर मोठी होऊन दिसली, मधल्या दोन बोटांवर आडव्या पांढऱ्या भेगा. मला वाटलं, पुरावा हवा होता ना, हा घ्या. तीन एकरांतल्या कापसाने माझ्या हातावर सही केली आहे.

सोळाव्या दिवशी पासपोर्ट कुरिअरने आला. व्हिसा होता. कशामुळे दिला ते कुणी सांगत नाही, नाकारला तर कारण लिहितात, दिला तर नाही.

पोळा झाला, बैल सजले, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्यात गल्लीतल्या पोरांनी लाकडी नंदी फिरवले, आणि तिसऱ्या दिवशी मी निघाले. रेखा वर्धा स्टेशनला सोडायला आली होती. "भुलाबाई बसाच्या आंधी येजो," एवढंच म्हणाली.

आखाती देशात विमान बदललं, अथेन्सला उतरले, तिथून छोटं विमान लेस्बॉसवरच्या मिटिलिनीला. विमानतळापासून एरेसॉस जवळपास नव्वद किलोमीटर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. आधी ऑलिव्हची झाडं संपत नव्हती, मग हळूहळू झाडं कमी झाली आणि उघडी, तांबूस, दगडगोट्यांची जमीन सुरू झाली. ज्वालामुखीची जमीन. आमच्याकडे याला बरड म्हणतात. एवढं लांब येऊन बरड दिसलं आणि पोटात हललं.

समुद्रकाठचं गाव लहान आहे. काळपट वाळू, वाळूवर लाकडी खांबांवर उभारलेली हॉटेलं, आणि बाया. सगळीकडे बाया. पांढऱ्या केसांच्या, हातात हात घालून चाललेल्या, सत्तरीच्या पुढच्यासुद्धा. मी पहिले दोन दिवस नुसती त्यांनाच बघत होते. दोन म्हाताऱ्या बाया सकाळी पाण्यात उतरायच्या आधी एकमेकींच्या पाठीला क्रीम लावायच्या, सावकाश, काही न बोलता. मी कधीच दोन बाया एकत्र म्हाताऱ्या झालेल्या पाहिल्या नव्हत्या. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो की कशा दिसू, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊकच नव्हतं.

त्या बेटावर जन्मलेली प्रत्येक बाई लेस्बियनच. २००८ साली बेटावरच्या तिघांनी अथेन्सच्या कोर्टात दावा लावला होता, हा शब्द आमचा आहे, समलिंगी बाया-पुरुषांच्या संघटनेने तो वापरू नये. कोर्टाने तो फेटाळला. मला त्या तिघांचा राग आला नाही. आपल्या गावाचं नाव कुणी उचलून नेलं की माणूस बेचैन होतो. पण आम्ही ते उचललं ते प्रेमानेच.

सॅफोबद्दल तिथे एका दुपारी जे ऐकलं ते मनातून जात नाही. जुन्या काळी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात तिच्या कवितांच्या नऊ गुंडाळ्या होत्या. आज पूर्ण अशी एकच कविता उरली आहे, बाकी तुकडे. कुठे दोन ओळी, कुठे नुसता एक शब्द. आणि ते तुकडे बरेचसे सापडले इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात. १८९७ पासून तिथे दोन इंग्रज संशोधकांनी खणायला सुरुवात केली, तेव्हा पपायरसचे, म्हणजे त्या काळच्या कागदाचे, हजारो कपटे निघाले, त्यात हिशोब, पावत्या, अर्ज, आणि मधेच सॅफो. उकिरडा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरामागे आहे. शेण, राख, पालापाचोळा, फुटकं मडकं, सगळं त्यात जातं आणि पावसाआधी खत होऊन वावरात येतं. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या म्हणून त्या वाचल्या. माझ्या आजीची ओवी त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मायचा हात हवेत फिरला म्हणून ती निघाली.

एका संध्याकाळी अंगणात वाचन होतं. पंचवीस-तीस बाया असतील. माझी मैत्रीण इंग्रजीत सांगत होती आणि मी मराठीत म्हणत होते. मी जमिनीवर बसले, आणि समोर बसायला एका बाईला बोलावलं. सत्तरीची आयरिश बाई होती. तिचे दोन्ही हात घेतले, हवेत खुंटा धरायला लावला, वर माझे हात ठेवले, आणि दोघींनी न दिसणारं जातं फिरवायला सुरुवात केली. मग ओवी म्हटली. सरलं वं दयन, सरली नाही रात. मैत्रिणीने दोन ओळींचं इंग्रजी केलं. त्या बाईने फिरवणं थांबवलं नाही. ओवी संपली, टाळ्या वाजल्या, तरी ती फिरवत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले होते. तिची जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी गेली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. एवढं इंग्रजी मला समजतं.

तुळशीचं गोंदण पण मी सांगितलं. एका बाईने विचारलं, तुमच्या भाषेत लेस्बियनला काय म्हणतात? समलिंगी हा छापील शब्द मला येत होता. मी म्हटलं, जोडीदारीण. त्यांनी तो म्हणून बघितला, ड-ण च्या सगळ्या गमती झाल्या, पण म्हटला सगळ्यांनी.

भुलाबाई बसायच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे संध्याकाळी पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर बसून टाळ्यांच्या ठेक्यावर. गाणी झाली की घरची बाई झाकलेल्या डब्यात खिरापत आणते आणि ती पोरींनी ओळखायची. ओळखल्याशिवाय मिळत नाही. आमच्या अंगणात त्या दिवशी चौदा-पंधरा पोरी होत्या. रेखाने डबा हलवला. "ओयखा."

"चिवडा!" "नाई." "फुटाणे!" "नाई." "खोबरं! लाडू! शेंगदाणे!" पोरी दमल्या. रेखा माझ्याकडे बघून हसत होती. शेवटी हार मानली तेव्हा तिने झाकण काढलं. काळी, मिठातली, सुरकुतलेली ऑलिव्ह. प्रत्येकीच्या तळहातावर एक-एक ठेवलं. कुणी म्हणालं जांभूळ, कुणी म्हणालं बोर वाळवलं, एकीने चावून तोंड वाकडं केलं आणि बी थुंकली. सगळ्यात धाकटी, पाचवीतली, ती मात्र चोखत राहिली.

"काकू, हे कुठचं व्हय?"

रेखाने माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "लेस्बॉसचं."

पोरीने ते पुन्हा म्हटलं, नीट बसेपर्यंत, दोनदा. मग मागे वळून शेजारच्या पोरीला सांगितलं, तिने तिच्या पुढच्या पोरीला. अंगणभर तो शब्द पोरींच्या तोंडातून खारट बियांसोबत फिरत गेला.